डाव्या कानावरची खाच

१ जून, गुरुवार

आज आमच्या बेटांचा स्वातंत्र्यदिन. सकाळी शाळेच्या मैदानावर झेंडा चढला, मुलांनी गाणं म्हटलं आणि नव्या हेडमास्तरने भाषणात तीन चुका केल्या. मी एकतीस वर्षं त्याच जागी उभा राहून भाषण केलं, माझी एकही चूक कोणी दाखवून दिली नाही. फोलोले म्हणते, दाखवायची कोणाची छाती होती. बायकोच्या असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

निवृत्त होताना शाळेचे चार कोरे हजेरीपट घरी आणले होते. ते संपेपर्यंत लिहायचं आणि खरं तेच लिहायचं, असं ठरवलंय. तर खरं लिहितो. आज माझ्या मुलीने, वायोलाने, माझ्यापुढे एक कागद ठेवला. न्यूझीलंडच्या सफरचंदाच्या बागांत सात महिने कामाला जायचा अर्ज. त्यावर घराण्याच्या प्रमुखाची, मताईची, सही लागते. आमच्या घराण्याची उलुगिया ही पदवी माझ्याकडे आहे. म्हणजे बाप म्हणून नाही तर मताई म्हणून तरी सही करा, असा पोरीचा डाव.

थोरला मुलगा ऑकलंडला मांसाच्या कारखान्यात आहे, धाकटा ब्रिस्बेनला. दोघंही वर्षभरासाठी म्हणून गेले होते, त्याला आता नऊ आणि सहा वर्षं झाली. वायोला सव्वीसची आहे. ती गेली की परत यायची नाही, याची मला भीती वाटते. हे इथेच लिहितो, बोलून दाखवणार नाही.

तिला म्हणालो, ३१ जुलैपर्यंत थांब. ऑकलंडच्या एका सहल कंपनीचं माणूस येणार आहे. पाहुण्यांना भाड्याने देतो ती आपली समुद्रावरची घरं त्यांनी यादीत घेतली तर तू इथेच राहायचं. नाही घेतली तर मी सही करीन. उलुगियाने दिलेला शब्द साताउलू गावात आजवर फिरलेला नाही. ती म्हणाली, "इथे राहून करू काय, बाबा?" मी म्हणालो, काम काय कमी आहे, पाहुण्यांची भांडीच बघ किती पडतात. ती कागदाची घडी घालून उठली, म्हणजे पटलं असावं.

५ जून, सोमवार

हजेरी: पाहुणे दोन, जर्मन नवराबायको. घरं आठ, भरलेलं एक.

राजधानीहून पर्यटन खात्याचा एक तरुण अधिकारी आला होता. चामड्याचे बूट घालून वाळूत चालत होता. म्हणाला, घरं सुंदर आहेत, पण भिंती घाला, दाराला कुलूप घाला, त्याशिवाय बाहेरचे लोक यायचे नाहीत. मी त्याला माझ्या घरात बसवलं आणि चारी बाजूंना बोट दाखवलं. खांब, वर छप्पर, पाऊस आला तर सोडायला नारळाची झापं. माझा आजा असाच राहिला, बापही असाच राहिला. भिंत तो घालतो ज्याला काही लपवायचं असतं. या गावात कोणाच्या घरात काय शिजतंय, कोण कोणाशी अबोला धरून बसलंय, रस्त्यावरून सगळं दिसतं. म्हणून आमच्याकडे चोरी नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, पाहुण्यांच्या सामानाचं काय. वायोला मध्येच बोलली. प्रत्येक घरात कुलपाची एक पेटी ठेवता येईल, झापांना आतून बांधायला दोरी लावता येईल. तो वहीत लिहून घ्यायला लागला. मी तिला नारळ फोडायला पाठवलं. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची सवय तिला फार.

१४ जून, बुधवार

सकाळी समुद्राकडे गेलो तर वाटेच्या तोंडाशी नवी पाटी. वायोलाने रंगवलेली. इंग्रजीत तीन ओळी: रविवारी समुद्रात उतरू नये. संध्याकाळी शंख वाजला की प्रार्थना संपेपर्यंत जिथे असाल तिथे बसावे. गावातून जाताना अंग झाकावे.

अक्षर सुरेख, एकही चूक नाही. माझीच विद्यार्थिनी. पण पाटी मी काढली. उंबरठ्यावर आलेल्या माणसाच्या हातात नारळ द्यायचा की नियमांची यादी? आमच्यात पाहुण्याला हुकूम सोडत नाहीत. पाहुण्याने यजमानाकडे बघून शिकायचं. आणि नाही शिकला तर चूक यजमानाची, दंड यजमानाच्या घराला. ही रीत मी गावसभेत स्वतः शंभरदा सांगितली आहे.

पाटीचं लाकूड चांगलं निघालं. डुकरांच्या खोपीचं छप्पर गळत होतं, तिथे ठोकून टाकली. आता गळत नाही.

३० जून, शुक्रवार

ती आली. कंपनीची बाई, नाव रोवेना. पन्नाशीची, उन्हाने नाक लाल झालेलं, पाठीवर एवढं मोठं ओझं. आठवडाभर राहणार आणि मग ठरवणार. मी मताईची मोठी पंखी हातात घेऊन, नवा लावालावा, म्हणजे आमचं कमरेचं वस्त्र, नेसून स्वागत केलं. वायोलाही सारखी तिच्या मागेपुढे होती. तिला पुन्हा सांगितलं, नियमबियम काढायचे नाहीत, बाई आपोआप शिकेल. वायोलाने माझ्याकडे असं पाहिलं की तिच्या आईची आठवण झाली, आणि तिची आई शेजारीच उभी होती.

रात्री नीरफणस आणि अळूच्या पानात बांधलेलं नारळाचं दूध. रोवेनाबाईंनी तीनदा घेतलं.

२ जुलै, रविवार



आज चर्चमध्ये वाचनाचा मान माझा होता. सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत, बायका टोप्या घालून. डावीकडच्या खिडक्या समुद्राकडे उघडतात. मी खणखणीत आवाजात वाचत होतो आणि दुसऱ्या पानावर आलो तेव्हा सगळ्या टोप्या एकदम डावीकडे वळल्या. मीही पाहिलं. लाल पोशाखातली रोवेनाबाई खडकांपर्यंत पोहत गेली, वळली आणि पाठीवर पडून राहिली. पोहत होती मात्र उत्तम.

मी वाचन सोडलं नाही. एक ओळ दोनदा वाचली असं फोलोले म्हणते, पण ते मला आठवत नाही. दुसऱ्या रांगेत मउलोलो बसला होता. गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं, आणि सभेत टेकून बसायला माझ्या समोरचा खांब त्याचा. पाच वर्षांपूर्वी त्याचा पुतण्या ऑस्ट्रेलियातून आला आणि शंख वाजल्यावर मोटारसायकल फिरवत सुटला. तेव्हा एक डुक्कर आणि डबाबंद मासळीची दहा खोकी असा दंड मीच सुचवला होता. मउलोलो म्हणत होता, पोरगं परकं झालंय, त्याला काय कळतं. मी म्हणालो होतो, पोरगं परकं असेल, घर तर गावातलं आहे ना. त्याने दंड भरला. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आज तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दुपारी रविवारचं जेवण. रोवेनाबाईंना मी माझ्या शेजारी बसवलं, तापल्या दगडांच्या भट्टीतलं पहिलं पान त्यांना वाढायला लावलं. एका शब्दाने बोललो नाही. पाहुण्याची चूक त्याच्या तोंडावर सांगायची तर आपण यजमान कसले? घरच्यांनाही ताकीद दिली. वायोला न जेवता उठली.

३ जुलै, सोमवार

सभा झाली. सगळे आपापल्या खांबाला टेकून बसले, कावाची, त्या मुळांच्या पेयाची, वाटी फिरली आणि तरी कोणी विषय काढेना. पावसावर बोलले, शाळेच्या छपरावर बोलले. शेवटी मउलोलोच म्हणाला, "पाहुणी परकी आहे. तिला काय माहीत? सोडून द्या, उलुगिया."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे शब्द नव्हते ते, पाच वर्षांपूर्वीचे त्याचेच शब्द होते, आणि तेव्हा मी ते उडवून लावले होते. मी म्हणालो, "जो नियम तुमच्या घराला, तोच माझ्या घराला. आणि मी सभेत नियम शिकवणारा, म्हणून दुप्पट. दोन डुकरं आणि वीस खोकी. परवा दुपारपर्यंत."

वयाने सर्वांत मोठे मताई म्हणाले, एवढ्याची गरज नाही. मी हात वर केला. सभेत मी हात वर केला की पुढे चर्चा होत नाही.

मउलोलो खाली चटईकडे बघत म्हणाला, "ठीक आहे. मोजायला मी उभा राहतो."

टोमणा मारायची संधी तो सोडत नाही. पण घरी येताना माझी मान ताठ होती, हे नमूद करतो.

४ जुलै, मंगळवार

मान ताठ आहे. खोकी नाहीत.

समुद्र खवळलाय, काल संध्याकाळपासून बोट बंद. बंदरावरच्या दुकानांत माल आलेला नाही, असं बसवाल्याने सांगितलं. उरलं मउलोलोचं दुकान. तिथे जाऊन मी हात पसरावे? त्यापेक्षा समुद्रात चालत गेलेलं बरं. पोरांना फोन करणार नाही. ज्यांना गावाचे नियम सोडून राहायचंय त्यांच्याकडून गावाचा दंड भरायचा नसतो.

डुक्कर एक आहे, मोठा नर. दुसरी डुकरीण, ती या आठवड्यात विणार. मी सुरी काढली तर फोलोले खोपीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "तिला हात लावायचा नाही. दंड तुम्ही बोललात, तिने नाही."

दुपारी ती आणि वायोला चटया विणणाऱ्या बायकांच्या मंडळात गेल्या. मंडळ गुरुवारी भरतं असा माझा समज होता. संध्याकाळच्या शंखापर्यंत परतल्या नाहीत. घरात असा पेच पडलेला असताना बायकांना विणकाम कसं सुचतं, देव जाणे.

रोवेनाबाई मला विचारत होत्या, तुमची तब्येत बरी नाही का. मी म्हणालो, उत्तम आहे, उद्या मोठं जेवण आहे.

५ जुलै, बुधवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सकाळी उठलो तर नीरफणसाच्या झाडाखाली एक डुक्कर बांधलेलं. चांगलं थोराड, माझ्या नरापेक्षा चार बोटं उंच. फोलोलेने सांगितलं, माझ्या माहेरून आलं. तिचं माहेर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि बस सुटते सातला. पण तिचे भाऊ पहिल्यापासून उत्साही. डुकराच्या डाव्या कानावर खाच होती. कुत्र्याने चावा घेतला असेल.

ओसरीवर खोकी रचलेली. मी स्वतः मोजली, वीस भरली. फोलोले म्हणाली, तिच्या बहिणीने पाठवली. प्रत्येक खोक्यावर एका जागी काहीतरी खरवडून काढलं होतं, खाली थोडा निळा रंग दिसत होता. आजकाल कंपन्या खोकीसुद्धा धड देत नाहीत. अळूच्या कंदांच्या पंधरा टोपल्या मी काढायच्या ठरवल्या होत्या, माझ्या मळ्यातल्या नऊच भरल्या असा माझा अंदाज होता, प्रत्यक्षात बावीस निघाल्या. मळ्याची मेहनत कधी वाया जात नाही, हे मी मुलांना शाळेत सांगायचो ते खरंच.

गावच्या पोरांनी पहाटेच दगड तापवले होते. त्यांना कोणी बोलावलं ठाऊक नाही, माझा मान म्हणून आले असतील.

दुपारी सभेपुढे दंड ठेवला. मउलोलो मोजायला उभा राहिला. डुकरांपाशी आला तेव्हा खाचेच्या कानाकडे त्याने पाहिलंदेखील नाही, सरळ पुढे गेला. "दोन," म्हणाला. खोक्यांपाशी म्हणाला, "वीस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उलुगिया, दंड पुरा. घर स्वच्छ."

हे शब्द पाच वर्षांपूर्वी मी त्याला म्हणालो होतो. आज त्याच्या तोंडून ऐकून मी तोंड पुसलं. उन्हात बराच वेळ उभा होतो.

मग डुकरांचे भाग पडले. कोणाला कुठला भाग, हे आमच्यात जन्मापासून ठरलेलं असतं, त्यात भांडण नाही. पाठीचा मानाचा भाग मी पाहुणीला द्यायला लावला. काही जणांनी भुवया उंचावल्या. पण दंड माझ्या घराला झाला होता, तिला नाही. सगळा गाव जेवला. रोवेनाबाई फोटो काढत होत्या, डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, माझ्यासारख्या अनोळखी बाईसाठी अख्ख्या गावाने मेजवानी दिली, असं मी कुठेही पाहिलं नाही. मी मान झुकवली. खोटं बोललो नाही, फक्त बोललो नाही.

एवढा अभिमान मला निवृत्तीच्या दिवशीही वाटला नव्हता.

६ जुलै, गुरुवार

वायोलाने सांगून टाकलं. सगळं. काल जेवणानंतर त्या दोघी वाळूत बसल्या होत्या तेव्हा.

मला कळलं ते असं: सकाळी निघायच्या आधी रोवेनाबाई माझ्या घरात आल्या. चपला बाहेर काढल्या, लावालावा नीट नेसलेला. माझ्यासमोर चटईवर मांडी घालून बसल्या, मान खाली घातली आणि आमच्या भाषेत, मोडकं तोडकं, म्हणाल्या, "रविवारचं मला माफ करा."

मी विचारलं, कुठल्या रविवारचं?

त्या उठेनात. शेवटी मीच त्यांच्या हाताला धरून उठवलं. मग बस आली.

बस गेल्यावर वायोलाला धारेवर धरलं. पाहुण्याला लाज आणलीस, घराचं नाक कापलंस, आता ती बाई परत बघायची नाही. एरवी ती मान खाली घालते. आज नाही घातली.

"बाबा," ती म्हणाली, "आपण इथे कसे राहतो ते सांगणं म्हणजे हुकूम सोडणं नव्हे. तुम्ही तिला सांगितलं नाहीत म्हणून ती सहा दिवस नुसती किनाऱ्यावर राहिली. आपल्या घरी आली ती आज सकाळी."

उलट बोलली. वाक्यं मात्र नेमकी होती, एकही शब्द जास्तीचा नाही. शाळेत निबंध मीच शिकवला तिला.

डुकरीण व्याली. सात पिल्लं.

२४ जुलै, सोमवार

बसवाल्याने पत्र दिलं. हात धुवून उघडलं. कंपनीने आपली घरं यादीत घेतली! पुढच्या मे महिन्यापासून आठच्या आठ घरं भरतील एवढे पाहुणे पाठवणार. रोवेनाबाईंनी लिहिलंय, भिंती घालू नका.

पत्र सभेत वाचून दाखवलं. त्यांची एक अट आहे, आल्या आल्या प्रत्येक पाहुण्याला गावाचे नियम समजावून सांगायचे. मी सभेला म्हणालो, माझं पहिल्यापासून हेच मत होतं. मउलोलोला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.

परतताना खोपीवर चढून पाटी काढली. पावसाने दोन अक्षरं पुसट झालीत, ती वायोला रंगवील. छप्पर पुन्हा गळायला लागलं, त्याचं नंतर बघू.

३१ जुलै, सोमवार

दोन कागद. एक सफरचंदाच्या बागांचा अर्ज, त्याची आज मुदत. दुसरा कंपनीचा. वायोला समोर बसली होती, फोलोले खांबाला टेकून पंखा हलवत होती.

मी म्हणालो, यादीत नाव आलं, आता ठरल्याप्रमाणे तू राहायचंस. वायोला म्हणाली, शब्द तुम्ही दिला होतात, मी कुठे दिला होता? आणि मग विचारलं, "भांडी घासायलाच राहू ना?"

फोलोलेचा पंखा थांबला. मी कंपनीचा कागद ओढला. त्यात विचारलं होतं, या जागेचं काम कोण पाहतं, पाहुण्यांविषयी निर्णय कोण घेतं. उलुगिया असं लिहायला पेन टेकवलं. लिहिता लिहिता ती कुलपाची पेटी आठवली, झापांची दोरी आठवली, पाटी आठवली. आठ घरांत मी काय केलं ते आठवू लागलो. स्वागत केलं होतं, पंखी धरली होती.

पदवीचं पहिलं अक्षर खोडलं. खोडाखोड मला आवडत नाही, आयुष्यात कधी केली नाही. पुढे तिचं नाव लिहिलं. वायोलाने कागद उलटा करून वाचला, पुन्हा वाचला. "निर्णय पण मीच?" मी म्हणालो, लिहिलंय ना तसं, वाचता येतं ना तुला.

मग तिने स्वतःच सफरचंदाचा अर्ज माझ्याकडे सरकवला. मी लाल शाई काढली आणि त्यावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: हजर. एकतीस वर्षांत तो शब्द हजारो वेळा लिहिला असेल, पण लिहिताना समोरचं अक्षर दिसेनासं झालं ते आजच.

२ सप्टेंबर, शनिवार

हजेरी: पाहुणे नऊ. पाटी पाहून सगळ्यांनी प्रश्न विचारले, वायोलाने उत्तरं दिली. पेट्या बसवल्या, दोऱ्या लावल्या. मी स्वागत करतो.

आज सकाळी खोपीत जाऊन सातांतलं सगळ्यांत थोराड पिल्लू निवडलं. सुरी तापवून त्याच्या डाव्या कानावर एक खाच केली, बारीकशी. ओरडलं थोडं. नारळाच्या पातीच्या टोपलीत घालून मउलोलोच्या दुकानावर गेलो. तो पायरीवर बसला होता.

मी टोपली खाली ठेवली. म्हणालो, "वाट चुकून आमच्याकडे आलेलं दिसतंय. खूण तुमची आहे."

मउलोलोने पिल्लाचा कान दोन बोटांत धरून पाहिला. जखम ओली होती.

"हो," म्हणाला. "आमचंच."

मग दोघं पावसावर बोललो, शाळेच्या छपरावर बोललो. निघताना त्याने आतून मासळीचा एक डबा आणून माझ्या हातात ठेवला. डब्यावर त्याच्या दुकानाचा निळा शिक्का होता. तो डबा मी सगळ्यांना दिसेल असा हातात धरून, गावातून चालत घरी आणला. फोलोलेने शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पान वाढायला घेतलं.